भिंतीबाहेरचे शिंडर

आमच्या रोटनाख गावच्या दफनभूमीच्या उत्तरेला, भिंतीबाहेर ओढ्याच्या अंगाला गवताची एक अरुंद पट्टी आहे. लांबी साठ पावलं, रुंदी चौदा. मी ती बऱ्याचदा मोजली आहे, कारण आदल्या वेळी मोजलेलं बरोबर होतं की नाही याची मला खात्री वाटत नाही. त्या पट्टीखाली शिंडर घराण्यातली अकरा माणसं पुरलेली आहेत, हे मला चौदा वर्षांपासून माहीत होतं. गावात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये नगरपालिकेच्या फलकावर कागद लागला. पट्टीवर बावीस गाड्यांचा वाहनतळ होणार. कबरींवर फुलं ठेवायला येणाऱ्यांना गाडी लावायला जागा नाही, म्हणून. मीटरभर माती उकरून जुन्या दगडखाणीत भरावाला टाकायची आणि वर खडी पसरायची. गुरुवारी सभेत मंजुरी, सोमवारी यंत्र.

कागद वाचून मी घरी आलो आणि टोपी न काढताच स्वयंपाकघरात बसून राहिलो. मला राग फारसा येत नाही. आला तर तो आधी स्वतःवर येतो आणि तिथेच विझतो. या वेळी विझला नाही. फुलं ठेवणाऱ्यांच्या गाड्यांखाली माणसं जाणार होती, आणि ज्यांना भिंतीच्या आत कधी घेतलं नाही त्यांना आता भिंतीच्या बाहेरही राहू द्यायचं नव्हतं.

मी डेनरलाइन. गावच्या शाळेत बत्तीस वर्षं जर्मन शिकवलं. निवृत्तीनंतर मंगळवारी आणि शुक्रवारी नगरपालिकेच्या दप्तरखान्यात बसतो, कारण जुनं वळणदार अक्षर वाचता येणारा गावात मीच उरलो आहे. तिथूनच मला चर्चच्या जुन्या नोंदवह्यांची चटक लागली. त्या वाचून मी माझ्या वहीत उतरवत गेलो आणि शिंडरांचा धागा हाती आला.

सोळाशे बावन्न साली, तीस वर्षांचं युद्ध संपल्यावर, हान्स कोल्ब नावाचा माणूस बायकोला घेऊन रोटनाखला आला. पाद्र्याने लिहिलं, ‘हान्स कोल्ब, शिंडर.’ शिंडर म्हणजे मेलेलं जनावर ओढून नेऊन त्याचं कातडं सोलणारा. गुरांची साथ होती, गावाला असा माणूस हवाच होता. चार वर्षांनी त्याला मुलगा झाला, तेव्हा पाद्र्याने लिहिलं, ‘हान्स शिंडर याचा मुलगा.’ कोल्ब गळून पडलं. पाद्र्याला कंटाळा आला असेल किंवा वाटलं असेल, अशा माणसाला दोन नावं कशाला? मुलाच्या लग्नाच्या नोंदीत तर कोल्बचा मागमूसही नाही. लोक म्हणतात आडनाव घराण्याचं असतं. हे आडनाव घराण्याचं नव्हतं, गावाने ते त्यांच्या अंगावर ओतलं होतं आणि पुढे ते धुऊनही निघालं नाही.

शिंडरांना चर्चमध्ये शेवटचं बाक होतं. गुत्त्यात त्यांचा मग वेगळ्या खुंटीला टांगलेला असे, आणि तो दुसऱ्या कोणी चुकून उचलला तर त्याला आपल्या धंद्याच्या पंचायतीसमोर माफी मागावी लागे. त्यांचा हात लागला की माणूस बाटे. पण सांधे धरले की हेच लोक मागच्या दाराने शिंडराकडे कुत्र्याच्या चरबीचं मलम मागायला जात. हे मला कसं कळलं? एका म्हातारीने मलमाने गुण आला नाही म्हणून तक्रार केली होती, ती कागदात आहे.

सतराशे एकोणीसची नोंद मी कितीदा वाचली असेल! ‘आना मार्गारेटा, शिंडराची बायको, बाळंतपणात, दोन दिवस कळा देऊन. चार दारांवरची सुईण आली नाही. मुलासह पुरली, भिंतीबाहेर, ओढ्याकडे, घंटा न वाजवता.’ एवढंच. पाद्र्याने पूर्णविराम दिला आहे आणि पुढच्या ओळीत गिरणीवाल्याच्या लग्नाची नोंद केली आहे.

पुढे मातेस शिंडर नावाच्या एकाने सोलण्याचं काम सोडून खिळे घडवायला घेतले. त्याने अर्ज केला की पणजोबांचं कोल्ब हे नाव परत लावू द्यावं. उत्तर आलं, ‘अर्जदाराला सर्व लोक सध्याच्या नावानेच ओळखतात, सबब बदलाचं कारण दिसत नाही.’

हे सगळं माझ्या वहीत होतं. मग मी गप्प का राहिलो? कारण मी एकदा बोललो होतो.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मी वर्गात आडनावांचा धडा घेतला. माझा आवडता धडा. म्युलर म्हणजे गिरणीवाला, वाग्नर म्हणजे गाडे बनवणारा, ब्युटनर म्हणजे पिंपं बनवणारा. मुलं खूष होती. तिसऱ्या बाकावरच्या ट्राउडलने हात वर केला. “सर, आमचं? शिंडर?” अकरा वर्षांची होती. मी आदल्या आठवड्यातच एका जाड कोशात ते वाचलं होतं, आणि मला वाटलं, किती छान, हिने विचारलं! मी सगळं सांगितलं. सोलणं सांगितलं, वेगळा मग सांगितला, हात लागून बाटणं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावर कोणीतरी कान तुटलेला मग ठेवला. ईस्टरपर्यंत तिच्या शेजारी बसायला कोणी तयार नव्हतं. मी ते पाहत होतो. काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून मी काहीच बोललो नाही, व्याकरण शिकवत राहिलो.

ट्राउडल आता अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि आमच्या गावाहून मिल्बाखला जाणारी बस चालवते. बुधवारी सकाळी मी त्या बसमध्ये चढलो. शेवटच्या थांब्यावर बस सात मिनिटं उभी राहते. तिने इंजिन बंद केलं आणि डबा उघडून सॉसेज भरलेला पाव काढला. बसमध्ये माझ्याखेरीज फक्त परतीसाठी चढलेल्या राबबाई होत्या, मांडीवर बाजाराची पिशवी घेऊन.

मी पुढे गेलो. “ट्राउडल, एक सांगायचं होतं.”

“काय, पुन्हा पास हरवला?”

“नाही. तुझ्या घराण्याबद्दल.”

तिचा घास तसाच राहिला. “सर, एकदा सांगितलंत तेवढं जन्मभर पुरलंय मला.”

मी तरी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. आधी वाहनतळ सांगितला, मग साल सांगितलं, मग परत मागे गेलो. तिने पाव कागदात गुंडाळून ठेवला.

“किती जण?”

“अकरा. त्यात तीन मुलं.”

“आणि तुम्हाला हे कधी कळलं? काल?”

“चौदा वर्षं झाली.”

“चौदा!” ती ओरडली. राबबाई दचकल्या. “चौदा वर्षं माझ्या बसमधून येताय-जाताय. ‘ट्राउडल, आज गारठा आहे हो. ट्राउडल, आज ऊन पडलंय.’ आणि माझी माणसं तिथे गवतात! मी तिथे कुत्रा फिरवते, माहितेय तुम्हाला? रोज! तो पाय वर करतो तिथे!”

“मला वाटलं, पुन्हा तुझ्या नावाचा तमाशा होईल. एकदा माझ्यामुळे...”

“नाव माझं आहे. लाज तुम्हाला वाटते.” तिने माझ्याकडे बोट रोखलं. “माझं लग्न झालं तेव्हा नोंदणी कचेरीतला बाबा म्हणाला, नवऱ्याचं लावा, सुटाल. मी नाही लावलं. का लावू? चोरी केली होती आम्ही? यांची मेलेली ढोरं उचलली!”

“ट्राउडल,” राबबाई हळूच म्हणाल्या, “दहा वाजून दोन मिनिटं झाली. मला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय.”

“तुमचे दात पळून जात नाहीत, राबबाई. तक्रार करायची असेल तर बसचा नंबर वर लिहिलाय.” मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात, “उद्या सभेला येणार ना तुम्ही? का परत व्याकरण?”

म्हणजे तिलाही ते व्याकरण आठवत होतं.

आमच्या नगरपालिकेच्या सभेत सुरुवातीचा अर्धा तास नागरिकांचा असतो. पण त्यात फक्त प्रश्न विचारता येतो. मत मांडायचं नाही, भाषण करायचं नाही. एक प्रश्न, एक उपप्रश्न. कोणी बोलायला लागलं की नगराध्यक्ष ब्रेम पितळी घंटा वाजवतात. ब्रेम वाईट माणूस नाही. माझाच विद्यार्थी. निबंधात नेहमी चांगले गुण.

ट्राउडल बसचालकाच्या गणवेशातच आली होती. ती उभी राहिली. “माझा प्रश्न. वाहनतळाखाली अकरा माणसं पुरलीयत हे नगरपालिकेला माहीत आहे का?”

ब्रेमनी कागद चाळले. “शिंडरबाई, तशी कुठलीही नोंद नगरपालिकेच्या नकाशात नाही.”

“नकाशात कशी असेल? भिंतीच्या बाहेर टाकलं ना तुम्ही!”

घंटा वाजली. “बाई, प्रश्न.”

तिने बोट वर केलं. “उपप्रश्न. त्यांची हाडं खाणीत टाकताना कोणत्या डब्यात टाकणार? ओला कचरा की सुका?”

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. ब्रेमचा चेहरा लाल झाला, पण आवाज शांत. “हे बघा, मला भावना समजतात. पण कायद्याने कबरीची मुदत वीस वर्षं. तुमच्या वडिलांच्या कबरीचीही तेवढीच होती, माझ्या आजीच्याही. मुदत संपली की जागा मोकळी होते. हा नियम सगळ्यांना सारखा आहे. असं काही असलंच, तर त्यांची मुदत दोनशे वर्षांपूर्वी संपली.”

सगळ्यांना सारखा! जिवंतपणी ज्यांना कुठलाच नियम सारखा लावला नाही, त्यांना मेल्यावर हा एक लावायला निघाले होते. मी उभा राहिलो आहे हे मला पुढच्या रांगेतल्या लोकांनी माना वळवल्यावर कळलं.

“डेनरलाइन सर?” ब्रेम म्हणाले. त्यांना आश्चर्य वाटलं असावं. मी सभेत कधी बोललो नव्हतो.

हातात वही उघडी होती. “प्रश्न,” मी म्हणालो. “सतराशे चव्वेचाळीस साली या गावचा फाशीचा खांब कुजला, तेव्हा सुतारांनी तो बदलायला नकार दिला. त्याला हात लावला तर आपण बाटू, मग कोणी काम देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मग याच सभेने ठराव केला की गावातल्या सगळ्या धंद्यांच्या सगळ्या कारागिरांनी ढोल वाजवत जायचं आणि प्रत्येकाने एकेक घाव घालायचा. म्हणजे कोणी कोणाला बोट दाखवू शकणार नाही. पहिला घाव नगराध्यक्षाचा. हे...”

घंटा. “सर, प्रश्न काय आहे?”

“प्रश्न असा की, हे सगळे पवित्र राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्याच खांबाखालून फाशी दिलेल्याचं प्रेत उचलणारा आंद्रेआस शिंडर तेवढा अपवित्र, हे कसं?”

“हा आजच्या विषयाशी...”

“उपप्रश्न,” मी म्हणालो. माझा आवाज चिरकला, विद्यार्थ्यांना हसू यावं असा. “आना मार्गारेटा शिंडर. दोन दिवस कळा देत होती. सुईणीचं घर चार दारं पलीकडे होतं. ती आली नाही. कोणीच आलं नाही. मग तिला घंटा न वाजवता भिंतीबाहेर पुरलं. आता त्या मातीचे किती ट्रक होणार?”

ब्रेमनी घंटेवर हात ठेवला होता, पण वाजवली नाही. मग औषधाच्या दुकानातल्या क्रेत्समारबाई, सदस्य म्हणून नव्या आहेत, त्यांनी विचारलं, “पुरातत्त्व खात्याला कळवलंय का कोणी? जुन्या कबरींची लेखी खबर गेली, तर पाहणी होईपर्यंत यंत्र लावता येत नाही.”

“खबर आलेली नाही,” ब्रेम म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. त्यांचा स्वर मऊ होता, तो मला घंटेपेक्षा जास्त लागला. “सर, तुम्ही पंधरा वर्षं दप्तरखान्यात बसताय. तुम्हाला खात्री असती तर तुम्हीच कळवलं असतं ना? नाही कळवलंत. म्हणजे तुम्हालाच खात्री नाही. असू दे. आपण तिथे एक छान फलक लावू. ‘येथे रोटनाखचे जुने अनाम रहिवासी विसावले.’ मतदान.”

चौदा सदस्यांपैकी तेरा हात वर गेले. आधी दोन, मग शेजाऱ्याकडे बघून चार, मग सगळे. क्रेत्समारबाईंचा हात टेबलावर राहिला. अनाम! नावं तर माझ्या हातातल्या वहीत होती.

बाहेर ट्राउडल सिगारेट पेटवत होती. “तो खरं बोलला?” तिने विचारलं. “तुम्हाला खात्री नाही?”

“नोंदीत ‘ओढ्याकडे’ असं आहे. ओढा तेव्हा थोडा वेगळा वाहत असेल. कदाचित...”

“कदाचित!” तिने काडी फेकली. “वर्गात तेव्हा नव्हतं कदाचित. तेव्हा कसं धाडधाड सांगितलंत! मी तुमच्याकडे बघत होते, सर. मला वाटलं, आता म्हणतील, पण ही गावाची चूक होती. म्हणतील, म्हणतील. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि पुढचं आडनाव घेतलंत.”

मी वही मिटून घरी आलो.

रात्रभर विचार करून मी शुक्रवारी सकाळी सातला तिच्या दारात गेलो. तिने दार उघडलं, कुत्रा भुंकला. मी म्हणालो, “मला खबर लिहायची आहे. मी एकटा लिहायला बसलो तर दुपारपर्यंत त्यात शंका घालत बसेन. तू समोर बस.”

ती बाजूला झाली. कॉफी तिने एकट्यापुरती केली होती, ती अर्धी मला ओतली. मी लिहीत गेलो. जागा, मोजमाप, नोंदींची सालं, पानांचे आकडे. ‘मृतदेह तिथे असण्याची शक्यता’ असं मी लिहिलं, तेव्हा तिने बोटाने ती ओळ ठोकली.

“पुस्तकात शक्यता लिहिलंय?”

“नाही. पुस्तकात ‘पुरले’ असं आहे.”

“मग?”

मी ओळ खोडली आणि ‘पुरले आहेत’ लिहिलं. खाली सही केली. तिने लेखणी घेतली आणि माझ्या सहीखाली ठळक अक्षरांत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, इर्मट्राउट शिंडर, आणि पुढे ‘वंशज’. खात्याची कचेरी जिल्ह्याच्या गावी. तिने रजा टाकली आणि स्वतःच्या गाडीने आम्ही गेलो. खिडकीतल्या बाईने शिक्का मारला आणि पोच दिली.

सोमवारी आठला पिवळं यंत्र आलं. यंत्रावरच्या माणसाने आम्ही पुढे केलेली पोच वाचली, फोन केला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. पावणेनऊला ब्रेम आले, चिखलात पॉलिश केलेले बूट घालून.

“हे बरोबर केलं नाहीत सर,” ते म्हणाले. “माझ्याकडे यायचं होतं. घरातलं घरात मिटवलं असतं.”

“चौदा वर्षं घरातच मिटवत होतो, ब्रेमसाहेब.”

“दप्तरखान्याच्या किल्ल्या नगरपालिकेच्या आहेत,” ते म्हणाले.

मला ते वाक्य समजायला वेळ लागला. मग मी खिशातून जुडगा काढला. दोन मोठ्या किल्ल्या, एक कपाटाची. गेली पंधरा वर्षं माझ्या आठवड्यात मंगळवार आणि शुक्रवार हेच दोन वार होते, बाकीचे नुसते त्यांच्या मध्ये यायचे. मी किल्ल्या त्यांच्या हातात ठेवल्या. त्यांनी माझ्याकडे न बघता घेतल्या.

“आणि फलकाचं काय?” त्यांनी ट्राउडलला विचारलं. “काय लिहायचं ते तरी सांगा. जुने कारागीर लिहू? प्रतिष्ठित वाटेल असं?”

“शिंडर लिहा,” ती म्हणाली. “मेलेली जनावरं ओढणारे, लिहा. सुईण आली नाही, तेही लिहा. जागा कमी पडली तर मोठा फलक करा.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. साडेतीनशे वर्षं म्हणतायत.”

ब्रेम निघून गेले. यंत्रावरचा माणूस पायरीवर बसून चहा पीत होता. ट्राउडलने घड्याळ पाहिलं. तिची बस सव्वानऊची होती.

“खात्याची माणसं पुढच्या आठवड्यात येणार,” ती म्हणाली. “ती म्हणतात, हाडं निघाली तर भिंतीच्या आत जागा द्यावी लागेल. मी रजा काढलीय.” मग, “मी तुम्हाला माफ केलेलं नाही, सर. हे सांगून ठेवते. अर्ज लिहिलात म्हणून ते मिटलं असं समजू नका.”

“नाही समजत.”

“हं. वही आणलीय? वाचा मग. दहा मिनिटं आहेत.”

मी वही उघडली. हान्स. त्याची बायको बार्बारा. आंद्रेआस. आना मार्गारेटा. तिचं मूल. इथे मी अडखळलो, कारण त्या जागी नाव नाही, नुसती एक आडवी रेघ आहे.

“काय झालं?”

“नाव नाही लिहिलेलं.”

“आडनाव तर आहे ना,” ट्राउडल म्हणाली. “तेवढं वाचा.”

“शिंडर,” मी म्हणालो.

“मोठ्याने. तुम्हाला येतं मोठ्याने, मी ऐकलंय.”

“शिंडर!” मी म्हणालो, आणि पायरीवरच्या माणसाने चहाचा पेला खाली ठेवून आमच्याकडे पाहिलं. मी पुढचं नाव वाचलं.